परदेशी विद्यापीठ गावात संशोधनाला येतंय. गावाने काय मागावं?

सीनाकाठ | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या गावचा आहे.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात. पूर्वी ज्वारीचं रान, आता ऊस. बोअर ७०० फुटांवर गेलंय. गेल्या महिन्यात एक परदेशी विद्यापीठ आणि आपल्याकडचं एक विद्यापीठ यांची माणसं आली. दोघांचा मिळून पाच वर्षांचा प्रकल्प आहे. २२ विहिरी-बोअरांवर पाण्याची पातळी मोजायची यंत्रं बसवणार, पाण्याचे नमुने घेणार आणि ६० घरांचं पीक, उत्पन्न, कर्ज, ऊसतोडीला कोण जातं, हे सगळं दरवर्षी विचारणार. पाणी कमी होताना घरखर्चाचं गणित कसं बदलतं ते शोधायचंय म्हणे.

संमतीपत्र चार पानी, इंग्रजीत. आबांनी सही केली. मी फोनवर विचारलं, काय लिहिलंय ते वाचलं का? तर म्हणाले, "पाहुणी माणसं उन्हातनं आलीती. नाही कसं म्हणायचं?"

मी विरोधात नाही, हे आधीच सांगते. आमच्या पाण्याचा नीट अभ्यास झाला तर हवाच आहे. पण गावाला काय मिळणार असं विचारल्यावर "अहवाल निघेल" एवढंच उत्तर आलं. दहा दिवसांनी ग्रामसभा आहे. सरपंचांनी मला मुद्दे काढायला सांगितलेत. गावाने नेमकं काय मागावं? अनुभव असेल तर लिहा.

गोदातीर | रविवार, रात्री १०.३२

आधी फॉर्म मराठीत मागा. वाचता येत नाही अशा कागदावरची सही ही सही नव्हेच. बाकीचं नंतर.

काळीमाती | रविवार, रात्री ११.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे (लातूर) असंच एक पथक येऊन गेलं. मातीचे नमुने नेले, पाण्याचे नेले, बायकांना विचारलं दिवसाला किती हंडे आणता. चहा आमचा, जेवण आमचं, बुडालेली मजुरीही आमचीच. नंतर कोणी फिरकलं नाही. माझ्या विहिरीच्या पाण्यात काय निघालं ते कुठल्या तरी देशात कोणाच्या तरी संगणकात आहे, मला माहीत नाही. आणि ते पाणी मी रोज पितोय.

माझ्या मते सरळ नाही म्हणा.

कोपरापासून | सोमवार, सकाळी ७.५०

आमच्या गल्लीत कोणीही वही घेऊन आलं की आजी पहिलं विचारते, "घरकुलाचं का गॅसचं?" दोन्ही नाही म्हटलं तरी रेशनकार्ड आणून पुढ्यात ठेवते. 😀

बेसाल्ट | सोमवार, सकाळी ९.२०

काळीमाती, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. मी भूजलाच्या नोकरीतून निवृत्त झालोय. अगदी याच मुद्द्यावरची बांगलादेशची हकिकत सांगतो. लांबेल, पण वाचा.

तिथे नदी-तळ्याचं पाणी पिऊन मुलं हगवणीने दगावत होती, म्हणून १९७०-८० च्या दशकांत युनिसेफ आणि सरकारने गावोगाव हातपंप बसवायला लावले. हेतू चांगलाच होता. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो पंप घातले. पाणी नितळ आणि थंड. त्यात आर्सेनिक नावाचं विष आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्याला ना वास ना चव. सीमेच्या अलीकडे कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना १९८३ मध्ये असे रुग्ण सापडले. तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी, अंगावर ठिपके. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती मग वर्षानुवर्षं गावोगाव पाणी तपासत आणि ओरडून सांगत राहिले. खुद्द बांगलादेशात सरकारी तपासणीत ते आढळलं १९९३ मध्ये.

आता मुद्द्याचं. त्याच्या एकच वर्ष आधी, १९९२ मध्ये, ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या ब्रिटनच्या भूगर्भ संस्थेने तिथल्या १५० विहिरींचं पाणी तपासलं होतं. बरेच घटक तपासले, आर्सेनिक त्यात नव्हतं. पुढे एका गावकऱ्याने लंडनमध्ये दावा लावला. २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो फेटाळला. त्या संस्थेचं आणि विहिरीचं पाणी पिणाऱ्याचं नातं कायद्याने जबाबदारी टाकावी इतकं जवळचं नाही, असा निकाल लागला. कायदा काय म्हणतो ते त्यांनी सांगितलं. मी मात्र अजून त्या माणसाचाच विचार करतो. त्याच्या मुलखातलं पाणी तपासलं गेलं होतं, पण तो अहवाल कधीच त्याच्यासाठी नव्हता.

याच देशातली दुसरी बाजू बघा. २००० पासून ढाका विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग आणि न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ यांनी ढाक्याच्या पूर्वेला आराईहाजार भागात काम सुरू केलं. सुमारे २५ चौरस किलोमीटरमध्ये ६,००० च्या आसपास विहिरी, आणि एकूण एक तपासल्या. एका अंगणात विषारी पाणी, तर शेजारच्या अंगणात चांगलं. कारण जमिनीत आहे. गाळातल्या वाळूच्या कणांवर लोहाचा गंज असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून बसलेलं असतं. गाळात कुजका पालापाचोळा असेल तर जिवाणू हवेविना जगताना तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. खोलवरच्या जुन्या वाळूत ते सहसा होत नाही. म्हणजे चांगलं पाणी कुठे आणि किती खोल, हे विहिरीगणिक तपासल्याशिवाय कळणार नाही.

आणि त्यांनी ज्याच्या त्याच्या विहिरीचा निकाल ज्याला त्याला सांगितला. आपली विहीर वाईट आहे हे कळल्यावर वर्षभरात सुमारे ६० टक्के लोकांनी दुसऱ्या विहिरीचं पाणी आणायला सुरुवात केली. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही की अनुदान. पुढे देशभर सुमारे ५० लाख पंप तपासून लाल-हिरवे रंगवले गेले. आराईहाजारच्या जवळपास १२,००० लोकांची तब्येतही ते वर्षानुवर्षं नोंदवत आले. आर्सेनिकमुळे मृत्यूंचं प्रमाण किती वाढतं हे त्या नोंदींतून दिसलं.

सीनाकाठ, पहिली मागणी ही लिहा: ज्याच्या विहिरीचा नमुना, त्याला त्याचा आकडा. मराठीत, आणि तो आकडा बरा की वाईट हे सांगून.

काळीमाती | सोमवार, दुपारी १.१०

बेसाल्टकाका, हे माहीत नव्हतं. पण तुम्ही दिलेल्या दोन गोष्टींपैकी आमच्या वाट्याला पहिलीच येते, हे माझं म्हणणं कायम आहे.

निशिगंध | सोमवार, संध्याकाळी ६.४०

मी नेदरलँड्समध्ये अशाच एका प्रकल्पावर संशोधन करते, म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर चिडलाय त्यांच्यातली एक. काळीमाती दादा, तुमची तक्रार खरी आहे. असं का होतं तेवढं सांगते.

अनुदान ठरावीक वर्षांचं असतं. पहिलं वर्ष परवानग्या आणि माणसं नेमण्यात जातं, मधली वर्षं नमुने आणि प्रश्नावल्यांत. आकड्यांची छाननी होऊन निष्कर्ष हाती येतात तोवर पैसे संपलेले असतात, पोरं दुसऱ्या नोकरीला लागलेली असतात. गावात परत जाऊन सांगायचा खर्च अर्जात धरलेलाच नसेल, तर मनात कितीही असलं तरी कोणी जाऊ शकत नाही. म्हणून ही मागणी आत्ताच करायची. निष्कर्ष सांगायला परत येण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलाय का, हे पहिल्या सभेत विचारा.

संमतीपत्राचंही गोदातीर म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. समजेल अशा भाषेत सांगणं हा उपकार नव्हे, संशोधनाच्या नीतिनियमांचा भाग आहे. त्यात कधीही माघार घेता येईल असं लिहिलेलं हवं आणि तक्रार करायची झाली तर नीतिशास्त्र समितीचा पत्ता हवा. रक्ताचे, लघवीचे नमुने घेणार असतील तर परदेशी सहभागासाठी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तीही विचारा.

आणखी एक बघा. आपल्याकडच्या विद्यापीठाला या भागीदारीत काय काम आहे? प्रश्न ठरवण्यात त्यांचा हात आहे, की नुसती माणसं आणि गाड्या पुरवायच्या आहेत? इथे बसून मला हा फरक रोज दिसतो.

पायपीट | सोमवार, रात्री ११.३०

मी चार वर्षं अशा पाहण्यांमध्ये प्रश्नावल्या भरायचं काम केलंय. मराठवाडा आणि सोलापूरकडची मिळून शंभरेक गावं पायाखाली घातली असतील. वरच्या चर्चेत एक राहून जातंय: चुकीचा प्रश्न विचारला तर पाच वर्षांची मेहनत पाण्यात जाते, आणि त्या चुकीचं ओझंही गावावरच येतं.

एका प्रश्नावलीत "कर्ज" असा रकाना होता. बँक, सोसायटी, सावकार. एक आजोबा शांतपणे म्हणाले, कर्ज नाही. मी पुढच्या पानावर गेलो. निघताना सुनेने दारात सांगितलं, मामांनी मेहुण्याकडून ८० हजार घेतलेत, थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला. मी परत आत गेलो. आजोबा म्हणाले, "ते हातउसनं हाय, कर्ज न्हवं." ते खोटं बोलले नव्हते. आमच्या कागदावर हातउसन्याला जागाच नव्हती. त्या दिवशी मी आधीची सगळी पानं काढून बसलो आणि घाम फुटला. मग वरिष्ठांना कळवलं. रकाना वाढवायला दोन महिने गेले, आणि तोवर भरलेली घरं तशीच राहिली.

असे कितीतरी प्रकार. माळकऱ्याच्या घरी गेल्या सात दिवसांत किती वेळा मांस खाल्लं हे विचारायला लागायचं. जमीन हेक्टरात लिहायची आणि सांगणारा सांगणार एकर-गुंठ्यांत. ऐन सुगीत, ज्वारी काढायला आलेली असताना तीन-तीन तासांच्या मुलाखती. माणूस उरकून घेण्यासाठी काहीही सांगतो, आणि मी त्याला दोष देणार नाही. घरखर्च बाईला माहीत असायचा, पण नाव कुटुंबप्रमुखाचं, म्हणून उत्तर द्यायला पुरुष बसायचा.

तेव्हा ताई, माझ्याकडून या मागण्या लिहा. प्रश्नावली आधी गावातल्या चार घरांत वाचून दाखवा आणि लोक सांगतील ते बदल करा. सुगीत आणि ऊसतोडीच्या काळात येऊ नका. बाईला वेगळं विचारा, आणि विचारणारी बाईच असू द्या. ज्याचे तीन तास घेता त्याला त्या वेळेची मजुरी द्या. आणि गावातलीच दोन पोरं-पोरी पगारावर घ्या.

गोदातीर | मंगळवार, सकाळी ८.०५

पायपीट, हातउसन्याची गोष्ट धाग्याच्या वर चिकटवून ठेवावी अशी आहे. +१००

पूर्णामाय | मंगळवार, सकाळी १०.४५

सीनाकाठ, तुम्हाला ठाऊक आहे का, तुमच्याच जिल्ह्यातली दोन गावं जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना पाठ आहेत? शिरापूर आणि कळमण. आणि आमच्या अकोल्यातली कंझरा आणि किनखेड.

हैदराबादजवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांवर काम करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. त्यांनी १९७५ मध्ये सहा गावं निवडली, चार महाराष्ट्रातली आणि दोन तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली. दर गावात ४० घरं: भूमिहीन, लहान, मध्यम, मोठे शेतकरी, प्रत्येकी दहा. नोंदी घेणारा माणूस गावातच मुक्कामाला, काही आठवड्यांनी प्रत्येक घरी फेरी. पेरलं काय, विकलं काय, खाल्लं काय, उसनं कोणाकडून घेतलं. अशी दहाएक वर्षं. पुढे २००१ पासून पुन्हा सुरू केलं.

या वह्यांवर किती विद्यापीठांनी काम केलं त्याची गणती नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवलं की गावात एखाद्याचं पीक बुडालं तरी त्याचं खाणंपिणं त्या मानाने फारसं ढासळत नाही. ते गावाच्या सरासरीबरोबर वर-खाली होतं. म्हणजे उसनवारी, सोयरेधायरे, दागिना-जनावर विकणं, यांतून गाव एकमेकाला सावरून धरतं. भूमिहीनांना मात्र हा आधार कमी मिळतो. आणि सगळ्या गावाचाच पाऊस गेला तर कोण कोणाला धरणार?

त्याआधी हान्स बिन्स्वांगर यांनी शेतकऱ्यांबरोबर खऱ्या पैशाचा नाणेफेकीचा खेळ मांडला होता. मोठा डाव महिन्याच्या मजुरीहूनही जास्त रकमेचा. गरीब शेतकरी भित्रा असतो म्हणून नवं बियाणं घेत नाही, असा तेव्हा समज होता. खेळात दिसलं की मोठी रक्कम लागली की गरीब काय नि श्रीमंत काय, जवळपास सगळे सारखेच जपून खेळतात. फरक मनात नसून खिशात आहे, कर्ज कोणाला मिळतं त्यात आहे. हे वाचलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले. त्यांना जन्मभर "तुम्ही धाडस करत नाही" असं ऐकून घ्यावं लागलं होतं.

कोपरापासून | मंगळवार, सकाळी ११.२०

नाणेफेकीचे पैसे घरी न्यायला मिळायचे का? तसं असेल तर सीनाकाठ, मुद्दा क्रमांक एक ठरला. 😀

पूर्णामाय | मंगळवार, सकाळी ११.३२

मिळायचे, खरे पैसे होते! आणखी एक मजेशीर अभ्यास याच गावांवरचा, १९८९ चा, रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांचा. ज्या घरांच्या शेतीचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं, ती घरं मुली लांबच्या गावी देतात. आपल्याकडे पाऊस पडला नाही तरी सोयऱ्यांकडे पडलेला असतो, अडीनडीला उपयोगी पडतात.

मोगरा_वेणी | मंगळवार, दुपारी ३.१५

अवांतर आहे, पण राहवत नाही. माझी आई बार्शीकडची, दिली कोकणात. घरी सांगायचे "स्थळ चांगलं होतं". मला वाटतं आकड्यांना अंतर दिसलं, पण त्या मुलीला काय वाटलं याचा रकाना त्या वहीत नसणार. पायपीट म्हणतात तेच. बाईला वेगळं विचारायला हवं होतं.

काळीमाती | मंगळवार, रात्री ८.५०

पूर्णामाय, वाचून छान वाटलं. आता सांगा, शिरापूरला काय मिळालं?

पूर्णामाय | बुधवार, सकाळी ९.००

रात्रभर उत्तर शोधत होते. ते आकडे आज कोणालाही मोफत मिळतात, शिरापूरच्या पोरालाही. पण ते इंग्रजीत आहेत, आणि तिथल्या शाळेत ते कोणी शिकवत असेल असं मला वाटत नाही. आमच्या जिल्ह्याच्या शाळांत कंझऱ्याचा धडा असायला हवा होता. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

मांडवी | बुधवार, दुपारी १२.२५

गोव्यातून लिहिते. मागे काय उरतं ते विचारताय, तर आमच्या दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं, अनेक विद्यापीठांचे शास्त्रज्ञ. ती संपल्यावर आपल्याकडे तयार झालेली माणसं पांगू नयेत म्हणून १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. आज मांडवी-झुवारीच्या पाण्याचं काहीही विचारायचं झालं तर ते परदेशात विचारावं लागत नाही. भागीदारी संपल्यावर उपकरणं आणि शिकलेली माणसं कोणाकडे राहणार, हे कागदावर घ्या.

उधना_ताई | बुधवार, रात्री ९.१०

मी मूळची धुळ्याकडची. २६ वर्षं सुरतमध्ये, उधन्याला. इथे आम्ही खान्देशी लोक खूप आहोत. मालक डाइंग मिलमध्ये आहेत. गच्चीवर पांढरं काही वाळत घालायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. काजळी पडते.

शिकागो, येल, वॉरविक या विद्यापीठांनी गुजरातच्या प्रदूषण मंडळाबरोबर इथे मोठा प्रयोग केला. २०१९ मध्ये सुरू झाला. कोळसा जाळणाऱ्या ३१७ कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं लावायची, चिठ्ठ्या टाकल्यागत त्यातले अर्धे निवडायचे, त्यांना मिळून महिन्याला किती धूळ सोडायची याची हद्द ठरवायची. ज्याने कमी सोडली त्याने उरलेला परवाना दुसऱ्याला विकायचा. जास्त सोडली तर दंड. या खरेदी-विक्रीत सामील केलेल्या कारखान्यांची धूळ बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी झाली.

त्याआधी गुजरातमध्येच त्यांतल्या काहींनी ऑडिटरचा प्रयोग केला होता. कारखान्याचं प्रदूषण तपासणारा ऑडिटर कारखानाच निवडायचा आणि पैसेही तोच द्यायचा. मग आकडा नेमका मर्यादेच्या जरा खाली! ऑडिटर चिठ्ठीने नेमला, पैसे सामायिक निधीतून दिले आणि मधूनमधून फेरतपासणी केली, तेव्हा खरे आकडे यायला लागले आणि कारखान्यांनी धूरही कमी केला. परीक्षकाचा पगार विद्यार्थ्याचा बाप देत असेल तर निकाल कसा लागेल, तसंच ते. आपल्या महाराष्ट्रातही प्रदूषण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायची योजना शिकागोच्या मदतीनेच सुरू केली. कोणाला किती तारे ते संकेतस्थळावर सगळ्यांना बघता यावं, अशी ती योजना.

पांढरे कपडे अजून मी आतच वाळवते. पण धुराड्यातून किती निघतं ते मोजलं जातंय, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मोगरा_वेणी | गुरुवार, सकाळी १०.००

उधनाताई, पण अर्धेच कारखाने? मग उरलेल्या अर्ध्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी काय पाप केलं होतं?

निशिगंध | गुरुवार, संध्याकाळी ७.१५

प्रश्न रास्त आहे. उरलेल्यांना मोकळं सोडलं नव्हतं, त्यांच्यावर जुने नियम होतेच. आणि नवी पद्धत खरंच चालते की नाही हे आधी कोणालाच माहीत नव्हतं. सगळीकडे एकदम लावली असती तर धूर तिच्यामुळे कमी झाला की मंदीमुळे, हे कधीच कळलं नसतं. तरीही मी म्हणेन, चालते हे कळल्यानंतर ती उरलेल्यांपर्यंत किती लवकर पोचली, यावर प्रयोग करणाऱ्यांना जाब विचारावा.

सीनाकाठ | पुढचा बुधवार, रात्री १०.४०

ग्रामसभा झाली. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते. बेसाल्टकाकांची बांगलादेशची हकिकत सरपंचांनी मोठ्याने वाचली तेव्हा मागे बसलेल्या बायका पुढे येऊन बसल्या.

मराठी संमतीपत्र देणार, जुन्या सह्या रद्द. सुगीत येणार नाहीत. प्रश्नावली पुढच्या आठवड्यात चार घरांत वाचणार. हातउसन्याचा रकाना त्यांनी सभेतच लिहून घेतला. पायपीट, ती परदेशी बाई दुभाष्याला दोनदा विचारत होती, कर्जात आणि हातउसन्यात फरक काय. शेवटी आमच्या शेवंतामावशीने सांगितलं, "कर्जाला व्याज असतंय, हातउसन्याला तोंड दाखवायचं असतंय."

पाण्याच्या नमुन्याचा निकाल ज्याच्या त्याच्या घरी, ४५ दिवसांत. हे लेखी आलं. मजुरीचं मात्र त्यांच्या नियमात बसत नाही म्हणाले. त्यावर बराच वाद झाला, अजून मिटलेला नाही. परतीच्या भेटीच्या खर्चावर "विचारून सांगतो" असं उत्तर आलं. मी तारीख घेतलीय. उपकरणं पाच वर्षांनी ग्रामपंचायतीला द्यायचं आपल्याकडच्या विद्यापीठाच्या सरांनी मान्य केलं, पण ती चालवायला शिकवणार कोण, हे राहिलंय.

काळीमाती | बुधवार, रात्री ११.०२

४५ दिवस मोजा. मी विचारायला येईन.

बेसाल्ट | गुरुवार, सकाळी ६.३०

शिकवायला मी येतो. सोलापूरपर्यंत रेल्वेने येईन, पुढे न्यायला कोणीतरी पाठवा. तोवर दर पंधरवड्याला विहिरी दोरीनेच मोजून वहीत लिहायला लागा, यंत्राची वाट कशाला बघायची?

सीनाकाठ | गुरुवार, सकाळी ७.१०

काका, आबा घ्यायला येतील. आमच्या विहिरीत काल त्यांनी दोरी सोडली होती. १९ हात. चावडीच्या फळ्यावर खडूने लिहून आलेत.